पसाभर पिठाची गोष्ट

वाचकहो, बायबल म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना येशू ख्रिस्ताचे चरित्र आठवते. पण त्या ग्रंथाचा मोठा भाग येशूच्या पुष्कळ आधीचा आहे. त्याला ‘जुना करार’ म्हणतात, आणि तो ख्रिस्ती लोकांप्रमाणे यहुदी लोकांचाही धर्मग्रंथ आहे. या जुन्या करारात ‘राजे’ नावाची दोन पुस्तके आहेत. नावाप्रमाणे त्यांत राजांच्या लढाया, त्यांचे वाडे आणि त्यांची कारस्थाने यांचीच गर्दी. पण पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एकदम एक गरीब विधवा येते. लिहिणाऱ्याने तिचे नावसुद्धा दिलेले नाही. तिच्या घरी मडक्याच्या तळाशी पसाभर पीठ आहे, बुधलीत थोडे तेल आहे, आणि पदरी एक मुलगा आहे. एवढ्याशा भांडवलावर ही सारी गोष्ट उभी आहे.

‘भरवसा ठेवा’ हे सांगायला सोपे असते. ऐकणाऱ्याच्या घरात पीठ असेल तर ऐकायलाही सोपे असते. पीठ संपत आले म्हणजे त्या शब्दात काय उरते, हे या गोष्टीत पाहायला मिळते. म्हणून ती आज जरा सावकाश वाचू या.

काळ आहे इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातला. उत्तरेकडच्या इस्राएल राज्यावर अहाब नावाचा राजा होता. हा राजा केवळ कथेतला नव्हे. अश्शूरच्या राजाने इ. स. पूर्व ८५३ मध्ये झालेल्या एका लढाईची हकीकत दगडावर कोरून ठेवली आहे, तीत शत्रूंच्या यादीत अहाबाचे नाव आहे. अहाबाची राणी ईजबेल ही समुद्रकाठच्या सीदोनच्या राजाची मुलगी. तिने माहेराहून बआल या देवाची पूजा आणली. बआल हा ढगांचा, विजांचा आणि पावसाचा देव मानला जाई.

आता त्या मुलखाची शेती कशी, ते पाहा. तिथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. एरवी आभाळ कोरडे. गहू, जव, जैतून, सगळे त्या चार थेंबांवर आणि रात्रीच्या दवावर अवलंबून. अशा मुलखात एलीया नावाचा एक संदेष्टा गिलाद प्रांतातून येतो आणि राजाला तोंडावर सांगतो, की यापुढे माझ्या शब्दाशिवाय पाऊस नाही आणि दवही नाही. पावसाच्या देवाची पूजा करणाऱ्या राजाला दिलेले हे आव्हान होते. आपल्या शेतकऱ्याला त्यातली धार वेगळी समजावून सांगायला नको.

पण पुढची मजा बघा. दुष्काळ पडतो तो सांगणाऱ्यालाही सोडत नाही. एलीया यार्देन नदीच्या पलीकडे करीथ नावाच्या ओहोळाकाठी लपून राहतो. कावळे सकाळ-संध्याकाळ त्याला अन्न आणून देतात, ओहोळाचे पाणी तो पितो. आणि मग, गोष्ट साधेपणाने सांगते, तो ओहोळ आटला. कारण देशात पाऊस नव्हता. संदेष्ट्यासाठी म्हणून काही वेगळा झरा राखून ठेवलेला नव्हता. शिक्षकांनी ही गोष्ट सांगताना इथे क्षणभर थांबावे. भरवसा ठेवणाऱ्याचा ओहोळ आटत नाही, असे बायबल इथे म्हणत नाही. आटतो, असेच म्हणते.

मग एलीयाला आज्ञा होते, की सीदोन प्रांतातल्या सारफथ गावी जा. तिथे एका विधवेला तुझे पोषण करायला सांगितले आहे. हे सारफथ म्हणजे आजच्या लेबनॉन देशातले समुद्रकाठचे सराफंद. तिथे १९६९ ते १९७४ या काळात अमेरिकन पुराणवस्तुसंशोधक जेम्स प्रिचर्ड यांनी उत्खनन केले, तेव्हा कुंभारांच्या भट्ट्या उजेडात आल्या. म्हणजे मडक्यांना त्या गावात तोटा नव्हता. तोटा होता तो मडक्यात घालायच्या वस्तूचा. सीदोन आणि सोर ही व्यापाऱ्यांची शहरे. धान्य आणि तेल ती शेजारच्या इस्राएलाकडून घेत. शलमोन राजा सोरच्या राजाला गहू आणि तेल पाठवीत असे, असा उल्लेख याच पुस्तकात आधी येतो. इस्राएलात पीक बुडाले की समुद्रकाठच्या चुलीही थंडावणार, हे उघड आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सीदोन हे ईजबेलचे माहेर. ज्या बआलाशी एलीयाचे भांडण, त्याच बआलाचा तो मुलूख. एलीया आसऱ्याला जातो तो परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या आणि गरिबांतल्या गरीब बाईच्या घरी. पुढे आठशे-नऊशे वर्षांनी येशूने आपल्या नासरेथ गावी या विधवेची आठवण करून दिली. इस्राएलात त्या वेळी विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवले ते परक्या बाईकडे, एवढेच तो म्हणाला. तर ऐकणारे इतके संतापले, की त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघाले. लूकच्या शुभवर्तमानात हा प्रसंग आहे. भरवसा ही केवळ आपल्याच लोकांची मिरास आहे, असे समजणाऱ्यांना ही गोष्ट त्या काळीही झोंबली होती.

एलीया गावाच्या वेशीशी येतो तेव्हा ती बाई काटक्या गोळा करीत असते. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. दुष्काळात पाणी मागणे म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. तरी ती लगेच वळते. वाटसरूला पाणी नाही म्हणायचे नसते, ही तिची रीत. ती वळली तसा तो म्हणतो, येताना भाकरीचा तुकडाही आण. तेव्हा मात्र तिचा बांध फुटतो. ती शपथ घेऊन सांगते, की घरात भाजलेले असे काही नाही. पसाभर पीठ आणि थोडे तेल आहे. या दोन काटक्या नेऊन मी ते माझ्यासाठी आणि पोरासाठी रांधणार, आम्ही दोघे खाणार आणि मग मरणार.

एलीया तिला सांगतो, भिऊ नकोस. तू म्हणतेस तसेच कर. पण आधी त्यातला एक लहानसा रोडगा मला करून आण, मग तुझ्यासाठी आणि मुलासाठी कर. पाऊस पडेल त्या दिवसापर्यंत तुझे मडके रिते होणार नाही आणि तुझी बुधली आटणार नाही.

इथे गावातली एखादी जाणती बाई लगेच विचारील, “हा कुठला न्याय? उपाशी पोराच्या तोंडचा घास आधी परक्या बाबाला द्यायचा?” हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नये. भरवशाच्या नावावर गरिबाची शेवटची भाकरी नेणारे लोक सगळ्या देशांत आणि सगळ्या धर्मांत होऊन गेले आहेत. मग एलीया त्यांच्यातलाच का नव्हे? उत्तर गोष्टीतच आहे, पण ते पुढच्या ओळींत आहे. भाकरी घेऊन तो चालता होत नाही. तो त्याच घरात राहतो. त्याच मडक्यातले तो खातो. मडके रिते झाले असते तर तोही त्यांच्याबरोबर उपाशी राहिला असता. ‘भरवसा ठेव’ असे दुसऱ्याला म्हणण्याचा अधिकार कोणाला, याची ही कसोटी मला महत्त्वाची वाटते. जो त्या घरात मुक्कामाला राहायला तयार आहे, त्याने म्हणावे. बाकीच्यांनी आधी पीठ पाठवावे.

आता त्या मडक्याकडे पाहू. लहान मुलांना ही गोष्ट सांगताना आपण पुष्कळदा म्हणतो, की मडके पिठाने काठोकाठ भरले. पण मूळ गोष्टीत तसे मुळीच लिहिलेले नाही. लिहिले आहे ते एवढेच, की पीठ संपले नाही आणि तेल आटले नाही. दोहोंत फार अंतर आहे. मडके भरले असते, तर त्या बाईला दुसऱ्या दिवशी भरवशाची गरजच उरली नसती. भरल्या कणगीकडे बघून कोणीही निश्चिंत झोपतो. तिने रोज सकाळी मडक्यात हात घातला असेल तेव्हा तो तळाला टेकला असेल, आणि पसाभर पीठ लागले असेल. उद्याचे आज दिसत नव्हते. उद्या उठून पुन्हा हात घालायचा, एवढेच तिच्या हाती होते. शिवाय वचन होते ते पाऊस पडेपर्यंतचे, जन्मभराच्या सुबत्तेचे नव्हे.

बायबलात हा रोजच्या मापाचा विचार पुन्हा पुन्हा येतो. मिसर देशातून निघालेल्या लोकांना रानात मान्ना नावाचे अन्न मिळे. ते त्या दिवसापुरते गोळा करायचे, दुसऱ्या दिवसासाठी ठेवले तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणे आहे ते रोजच्या भाकरीचे. ज्याने दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून संध्याकाळी त्या दिवसापुरते धान्य घरी आणले आहे, त्याला हे माप शिकवावे लागत नाही. १९७२ चा दुष्काळ आणि त्या वेळची सुकडी आठवणारी माणसे आपल्या गावोगावी आहेत. ही गोष्ट समजून घ्यायला तीच आपली खरी शिक्षक.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला वाटते तिचा खरा गाभा पुढेच आहे. काही दिवसांनी त्या बाईचा मुलगा आजारी पडतो आणि त्याचा श्वास थांबतो. मडक्यात पीठ आहे, आणि खाणारा गेला! ती एलीयावर उसळते. तू माझ्या पापाची आठवण करून द्यायला आणि माझे पोर मारायलाच आलास का, असे विचारते. एलीया यावर काय करतो? तो तिला श्रद्धा कमी पडली म्हणून दोष देत नाही. देवाची इच्छा म्हणून गप्प बसवीत नाही. तो म्हणतो, मुलगा माझ्याकडे दे. तिच्या उराशी धरलेले ते पोर तो घेतो, माडीवर आपल्या अंथरुणावर नेऊन ठेवतो, आणि मग स्वतःच देवाशी भांडतो, की जिने मला आसरा दिला तिच्यावरही तू हे संकट आणलेस का? तिचाच सवाल तो आपल्या तोंडाने वर पोचवतो. पुढे मुलगा जिवंत होतो आणि आईच्या हाती येतो.

तेव्हा ती बाई म्हणते, की आता मला कळले. तू देवाचा माणूस आहेस आणि तुझ्या तोंडचे वचन सत्य आहे. इथे मूळ हिब्रू भाषेत ‘सत्य’ यासाठी जो शब्द आहे, तो आणि प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात तो ‘आमेन’ हे एकाच धातूपासून आले आहेत. त्या धातूचा अर्थ पक्के असणे, टेकू देण्याजोगे असणे असा आहे.

आता तुम्हीच विचार करा. ‘आता मला कळले’ असे ती केव्हा म्हणाली? गोष्टीच्या अगदी शेवटी. मग पहिल्या दिवशी तिने रोडगा भाजला तेव्हा तिला काय कळले होते? काहीच नाही. एलीयाचा देव तिचा नव्हता. शपथ घेतानासुद्धा ती ‘तुझा देव’ असेच म्हणाली होती. तिच्या मनात शंका होती, भीती होती. ती तशीच घेऊन ती घरी गेली, चूल पेटवली आणि पीठ मळले. म्हणजे आधी खात्री झाली आणि मग भाकरी भाजली, असे घडलेले नाही. भाकरी आधी भाजली गेली. खात्री पुष्कळ दिवसांनी, मोठे दुःख सोसून झाल्यावर आली. अंतरीचा भरवसा म्हणजे मनात शंकेचा लवलेश नसणे, अशी आपली समजूत असते आणि त्यामुळे शंका आली की आपण स्वतःलाच नास्तिक ठरवून मोकळे होतो. ही गोष्ट वेगळे सांगते. शंका मनात असतानाही हात पुढचे योग्य काम करीत राहिले, तर तो भरवसाच होय.

पुढच्या अध्यायांत याच्या दोन खुणा आहेत. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी एलीया कर्मेल डोंगरावर पावसासाठी वाकून बसतो आणि चाकराला समुद्राकडे बघून यायला सांगतो. चाकर येऊन म्हणतो, काही नाही. एलीया त्याला पुन्हा पाठवतो. सातव्या वेळी चाकर सांगतो, की माणसाच्या तळहाताएवढा एक ढग समुद्रातून वर येतो आहे. गंमत अशी, की ‘तळहात’ यासाठी हिब्रूत जो शब्द इथे आहे, तोच त्या विधवेच्या ‘पसाभर’ पिठासाठी आला आहे. पिठाचे माप आणि पहिल्या ढगाचे माप एकच!

दुसरी खूण आणखी हृद्य आहे. पाऊस पडला, एलीया जिंकला. पण ईजबेलने जिवे मारायची धमकी देताच तोच धीराचा पुरुष रानात पळाला. एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. पुरे झाले, आता प्राण घे, असे म्हणून तो झोपी गेला. देवदूताने त्याला उठवले ते उपदेश करायला नव्हे. ऊठ आणि खा, एवढेच तो म्हणाला. उशाशी निखाऱ्यावर भाजलेला रोडगा आणि पाण्याची बुधली ठेवलेली होती. हिब्रू पाठात रोडग्याचा आणि बुधलीचा शब्द तोच आहे, जो सारफथच्या घरात आला होता. तिथे ज्याने बाईला ‘भिऊ नकोस’ म्हटले, त्याचाच भरवसा इथे आटला. आणि तिच्या चुलीवरचा तोच रोडगा जणू रानात त्याच्यापुढे आला. भरवसा एका माणसाला जन्मभर पुरत नाही. कधी आपण दुसऱ्याला देतो, कधी दुसऱ्याकडून आपल्याला घ्यावा लागतो.

ही गोष्ट दूरदेशची खरी, पण एलीया हे नाव आपल्या कोकणाला नवे नाही. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक एलीयाला ‘एलियाहू हनाबी’ म्हणतात. शुभकार्याच्या वेळी पोहे, नारळ, साखर आणि फळे यांचा मलिदा करून ते त्याचे स्मरण करतात. अलिबागजवळ खडकावर त्याच्या रथाच्या चाकोऱ्या उमटल्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. तेल गाळणे हा त्यांचा जुना धंदा आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाच्या बुधलीची गोष्ट त्यांच्या घरात किती जवळची वाटत असेल!

आणि ती मराठीत आणणाऱ्यांपैकी एक होत्या पंडिता रमाबाई. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली. १८८२ साली पती गेले, पदरी लहान मुलगी राहिली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार बायकामुली आणून त्यांना आसरा दिला, आणि केडगावचे मुक्तिसदन उभे केले. त्याच केडगावात बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सगळे बायबल मराठीत उतरवले. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. उपासमार आणि वैधव्य दोन्ही पाहिलेल्या त्या बाईने पसाभर पिठाची ओळ मराठीत लिहिताना काय मनात आणले असेल, ते सांगता येत नाही. पण ‘भरवसा ठेवा’ म्हणण्याआधी त्या त्या घरात राहायला गेल्या होत्या, एवढे खरे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही गोष्ट वर्गात सांगताना दोन गोष्टी सांभाळा. एक, ती जादूच्या मडक्याची गोष्ट करू नका. विहीर खणणे, बांध घालणे, मदत मागणे यांच्याऐवजी वापरायचा उपाय म्हणजे भरवसा नव्हे. ती बाईसुद्धा कपाळाला हात लावून बसलेली नव्हती. काटक्या गोळा करीत होती. दुसरी, ज्याचे मडके खरोखरच रिते झाले, ज्याचे पोर परत आले नाही, त्याला ‘तुझा विश्वास उणा पडला’ असे कोणी म्हणू नये, हे मुलांना नक्की सांगा. अशी मुले तुमच्या वर्गातही बसलेली असतील. एलीया तसे म्हणाला नव्हता.

आणि शेवटी मुलांना एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईने मडक्यात हात घातला, तेव्हा तिला आत किती पीठ मिळाले? पुष्कळ मुले म्हणतील, मडकेभर. घाई करू नका. पसा पुढे करून दाखवणारे एखादे मूल सापडेपर्यंत थांबा.